पोलिसपट काढणाऱ्यांना खुले पत्र: त्या रायफलचं पुढे काय झालं?

प्रति,
हिंदी आणि मराठीत पोलिसपट व पोलिसी मालिका काढणारे निर्माते, दिग्दर्शक आणि लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

येऊ घातलेल्या एका पोलिसपटाचं पोस्टर आमच्या भागात जागोजागी लागलंय. खाकीतला नायक, डोळ्यांवर गॉगल, हातात पिस्तूल आणि बुटाखाली केसपेपरांचा गठ्ठा. खाली मोठ्या अक्षरांत ओळ: 'आपल्या मातीतला डर्टी हॅरी'. मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं मुद्देमाल कारकून होतो, शेवटी शेवटी कोर्टात पैरवीला, म्हणजे खटल्यांचा पाठपुरावा करायला. तुमच्या नायकाच्या बुटाखाली जो गठ्ठा आहे, तसे गठ्ठे लावण्यात, शिवण्यात आणि कोर्टापर्यंत शाबूत पोचवण्यात माझी उमर गेली. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

पोस्टर हे निमित्त. तक्रार तुम्हा सगळ्यांकडे आहे. पण आधी डर्टी हॅरीबद्दल बोलू, कारण ती ओळ लिहिणाऱ्याने चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला दिसत नाही.

चित्रपट १९७१चा. दिग्दर्शक डॉन सीगल, नायक क्लिंट ईस्टवुड, शहर सॅन फ्रान्सिस्को. आम्ही तो पोलीस लाइनीत व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला. हॅरीच्या त्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरवर अख्खी लाइन फिदा होती, मीही होतो. स्कॉर्पिओ नावाचा खुनी गच्च्यांवरून रायफलने माणसं टिपतो आणि शहराकडे खंडणी मागतो. हे पात्र घेतलंय ते त्याच भागात १९६८-६९ साली खरोखर खून करत सुटलेल्या 'झोडिअॅक'वरून. खरा झोडिअॅक कधीच सापडला नाही. चित्रपटातला स्कॉर्पिओ पुढे चौदा वर्षांच्या एका मुलीला पळवतो, पुरून ठेवतो आणि वेळ भरत आल्याचं सांगत पैसे मागतो. इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन त्याचा माग काढत केझार स्टेडियममध्ये पोचतो. वॉरंट नाही. तो दार लाथेने उघडतो, खुन्याच्या खोलीतली रायफल उचलतो, त्याला मैदानात गाठून पायावर गोळी घालतो. तो वकील मागतोय, आणि हॅरी त्याच्या जखमेवर बूट दाबून मुलगी कुठे आहे ते विचारतोय. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर वर जात राहतो.

इथपर्यंतचं सगळं तुम्ही घेतलंत. १९७३मध्ये 'खून खून' या नावाने हिंदीत त्याची नक्कल निघाली, डॅनी त्यात खलनायक होता. त्यानंतर नाव न घेता किती निघाल्या, ते तुम्हालाच ठाऊक. पण त्याच्या पुढचा प्रसंग मात्र कोणी उचलत नाही.

पुढच्या प्रसंगात सरकारी वकील हॅरीला कार्यालयात बोलावून सांगतो की आरोपी सुटतोय. मुलगी मेलेलीच सापडली. रायफल विनावॉरंट उचललेली, म्हणून ती पुराव्यात येणार नाही. मुलीचा ठावठिकाणा छळ करून काढलेला, म्हणून तोही नाही. १९६४चा एस्कोबेडो आणि १९६६चा मिरांडा, म्हणजे चौकशीत आरोपीला वकील मिळाला पाहिजे आणि त्याचे हक्क आधी वाचून दाखवले पाहिजेत असं सांगणारे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे दोन्ही निकाल तो हॅरीसमोर ठेवतो आणि म्हणतो, ही रायफल आता आठवण म्हणून ठेवायला बरी आहे. सुटलेला स्कॉर्पिओ मग पैसे देऊन स्वतःला बदडवून घेतो, नाव हॅरीचं घेतो आणि काही दिवसांत शाळेची बस पळवतो. हॅरी त्याला मारतो, हे खरंच. पण मारून झाल्यावर बिल्ला काढून पाण्यात भिरकावतो. त्याला बढती मिळत नाही, कोणी खांद्यावर घेऊन नाचत नाही, मंत्र्याच्या हस्ते सत्कार होत नाही.

आता, हा चित्रपट हॅरीच्या बाजूने झुकलेला आहे, हे मलाही दिसतं. पॉलीन केल या अमेरिकन समीक्षिकेने १९७२ सालीच त्याला फॅसिस्ट वळणाचा म्हटलं होतं, आणि डाव हॅरीला सोयीचा मांडलाय यात शंका नाही. कायदा तिथेही इतका आंधळा राहिला नाही. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर हक्क वाचून दाखवण्याआधी विचारलेला प्रश्न चालेल, असा अपवाद त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये मान्य केला. अर्थात प्रश्न विचारायला मुभा दिली, जखमेवर बूट द्यायला नव्हे. पण मुद्दा असा की इतका झुकलेला चित्रपटसुद्धा किंमत लपवत नाही. मुलगी जाते, खटला जातो, नोकरी जाते.

आणि त्याच हॅरीचा १९७३मध्ये दुसरा भाग निघाला, 'मॅग्नम फोर्स'. त्यात काही तरुण ट्रॅफिक पोलीस कोर्टातून सुटलेल्या गुंडांना परस्पर मारत सुटतात. त्यांना वाटतं हॅरी आपल्यातलाच आहे, ते त्याला सामील व्हायला सांगतात. हॅरी नकार देतो आणि त्यांच्याशी, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या स्वतःच्या वरिष्ठाशी लढतो. तुम्ही ज्याला मातीतला हॅरी म्हणताय ना, तो हॅरी नाही. तो त्या ट्रॅफिक पोलिसांपैकी एक आहे. तुमच्याकडे फक्त त्याला गाणं असतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. तुमचा नायक दर चित्रपटात 'कायद्याने माझे हात बांधलेत' म्हणतो. हा संवाद कॅलिफोर्नियातून आलाय आणि इथे लागू होतो का, हे कोणी तपासलेलं नाही. हॅरी मुंबईत असता तर ती रायफल पुराव्यात आली असती. उशीर झाला तर पुरावा हातचा जाईल अशी स्थिती असेल, तर तपासी अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते. कारणं लिहून ठेवायची, पंच बोलवायचे, झालं. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८५ आहे. झडतीत चूक झाली तरी केवळ तेवढ्यावरून सापडलेली वस्तू बाद होत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्येच सांगितलंय. बाद होते ती पोलिसासमोरची कबुली. ती १८७२च्या पुरावा कायद्यापासून बाद आहे, म्हणजे इंग्रजालासुद्धा आपल्या पोलिसाचा तेवढा भरवसा नव्हता. मग तुमचा नायक पट्टा काढून जी कबुली घेतो आणि पार्श्वसंगीत चढतं, तिचा कोर्टात उपयोग काय? शून्य. हात बांधलेत ते लिहायचा कंटाळा येणाऱ्याचे.

दुसरी तक्रार जरा सविस्तर सांगतो, कारण केस कुठे पडते ते तुम्ही कधी दाखवलेलंच नाही.

मुद्देमाल म्हणजे काय ते आधी पाहा. समजा सुरा आहे. पंचांसमोर तो खाकी कागदात गुंडाळायचा, सुतळीने बांधायचा, गाठीवर लाख वितळवून पितळी सील उठवायचं. लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, तारीख, पंचांच्या सह्या, अधिकाऱ्याची सही. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद. मग कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचं पत्र, नेणाऱ्या शिपायाचं नाव, तिथली पोच. लाख पावसाळ्यात लवकर धरत नाही, मेणबत्ती विझते, बोटं भाजतात. यात कुठे एक दिवस मोकळा राहिला, तर आरोपीचा वकील त्याच दिवसात शिरतो. मी पिंजऱ्यात उभा राहिलोय. सील कोणाच्या ताब्यात होतं? सुरा कलिन्याला पाठवेपर्यंत कुठे होता? खोलीची चावी कोणाकडे? लेबलवरची शाई आणि पंचनाम्याची शाई वेगळी का? हे प्रश्न ऐकायला भांडणासारखे वाटतात, पण ते विचारायलाच हवेत. उद्या कोणी खोटाच सुरा तुमच्या मुलाच्या नावावर दाखवला, तर तुम्हीही विचाराल.

आमच्या एका ठाण्यात एक अधिकारी होते. नाव आणि ठाणं सांगत नाही. स्थानिक वर्तमानपत्रं त्यांना 'डॅशिंग' म्हणायची. एका तरुण पोराच्या खुनात त्यांनी संशयिताला रात्रभर धुतला, पहाटे त्याला एकट्याने जीपमध्ये घालून नेला आणि नाल्याकाठून सुरा काढून आणला. रीत अशी की आरोपी पंचांसमोर सांगतो, सुरा अमुक ठिकाणी लपवलाय आणि काढून देतो. त्याचा निवेदन पंचनामा होतो, मग पंचांना घेऊन जायचं आणि त्यांच्यासमोर वस्तू निघायची. कायदा एवढ्यापुरतं पोलीस कोठडीतलं बोलणंसुद्धा धरतो. साहेबांनी सुरा आधी आणला, पंच मागाहून बोलावले. दुपारच्या वर्तमानपत्रात फोटो आला. खटला उभा राहिला तेव्हा साहेब बदलून गेले होते. पंच कोर्टात म्हणाला, 'मला ठाण्यात बोलावलं, सुरा टेबलावर होता, मी सही केली.' तो फितूर झाला असं सरकारी वकिलाने म्हटलं खरं, पण माणूस खरं तेच बोलत होता. सुऱ्यावरचं रक्त मयताचंच निघालं होतं. तरी आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. पोराची आई बाहेर पायऱ्यांवर मला विचारत होती, 'दादा, सुरा तर सापडला होता ना?'

हा प्रसंग आणि हॅरीच्या रायफलचा प्रसंग एकच आहे. अमेरिकेतल्या लोकांनी तो पन्नास वर्षांपूर्वी पडद्यावर दाखवला. तुम्ही तो काढून टाकता, कारण त्यात नायक चुकलेला दिसतो.

तिसरी तक्रार तुम्हाला क्षुल्लक वाटेल. तुमच्या चित्रपटात जो लिहितो, तो हसण्यासाठी असतो. पोट सुटलेला हवालदार, कानावर पेन, चहा मागवणारा, नायक आला की खुर्चीवरून पडणारा. वरून त्याचं आडनाव हमखास मराठी. नायकाचंही अलीकडे मराठीच असतं म्हणा. बाजीराव सिंघम झाला, 'सिम्बा'तला संग्राम भालेराव झाला, ठाणी गोव्याची, शिव्या मात्र आमच्याकडच्या. आमच्या पोरांना आडनावाचं कौतुक वाटतं आणि त्यात बाकीचं खपून जातं. नव्याने भरती झालेला पोरगा ठाण्यात येतो तेव्हा त्याला स्टेशन डायरी लिहायला बसवलं तर शिक्षा झाल्यासारखं तोंड करतो. त्याला रस्त्यावर कानाखाली वाजवायची असते. हे तो प्रशिक्षण केंद्रात शिकलेला नाही.

चौथी तक्रार चकमकींची, आणि इथे मी हातचं राखून बोलणार नाही.

१९९५ ते १९९७ या काळात मुंबईत पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरून पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेची 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र' ही केस उभी राहिली आणि २०१४च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकारी चौकशी करायची. लगेच बढती नाही, लगेच शौर्यपदक नाही. आणि गोळी झाडणाऱ्याने आपलं शस्त्र तपासणीसाठी जमा करायचं. ऐकताय ना? ज्या पिस्तुलाचं तुम्ही पोस्टर करता, ते गोळी सुटल्यावर मुद्देमाल होतं. त्याला लेबल लागतं. हा शॉट आजवर एकाही पोलिसपटात मी पाहिला नाही.

२००६ साली वर्सोव्यात झालेली चकमक बनावट होती असं कोर्टाने ठरवलं, २०१३मध्ये १३ पोलीस दोषी ठरले. पोलीस असा आत गेला की त्याच्या बायकापोरांना लाइनीतली खोली सोडावी लागते. त्या घरावर तुमची पटकथा का संपत नाही? २०१९च्या डिसेंबरमध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्याच विदर्भातले न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे चौकशी केली. पोलिसांची हकिकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या जाणूनबुजून मारण्यासाठी झाडल्या, असा निष्कर्ष निघाला. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही आयोगाने म्हटलं. त्या तरुणीवरचा अत्याचार कोणी आणि कसा केला, हे कोर्टासमोर सिद्ध व्हायचं राहूनच गेलं. हे होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, २०१८च्या 'सिम्बा'त, आरोपींना ठाण्यातच गोळ्या घातल्या होत्या. तुमच्या चित्रपटामुळे हैदराबाद घडलं असं मी म्हणणार नाही, ते सोपं आणि खोटं होईल. फुलं कुठून आली, एवढाच माझा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३मध्ये एका जाहीर कार्यक्रमात 'सिंघम'चा शेवट सांगून, असले चित्रपट घातक संदेश देतात असं म्हटलं होतं. तुमच्यापैकी कोणी उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

यावर तुम्ही म्हणाल, प्रेक्षकाला हेच लागतं, पंचनाम्यावर कोण तिकीट काढेल. मग 'अर्धसत्य'चं काय? श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, साल १९८३. अनंत वेलणकर हा फौजदार नियम मोडतोच. दारूच्या भरात तो एका किरकोळ चोराला कोठडीत इतका मारतो की तो मरतो. आणि ते निस्तरण्यासाठी त्याला ज्याच्या दारात जावं लागतं, तो रामा शेट्टी, ज्याला पकडण्यासाठी त्याची सगळी तडफड चाललेली असते. सदाशिव अमरापूरकर तिथे नुसते बसून बोलतात आणि ओम पुरी समोर उभे असतात. मला अजून तो प्रसंग स्वस्थपणे पाहता येत नाही. वेलणकर शेट्टीला मारतो आणि आपल्या पायांनी ठाण्यात जाऊन हजर होतो. तो पोलिसपट नव्हता? तो लोकांनी पाहिला नाही? आमच्या ठाण्यात तो पाहून आलेले लोक दुसऱ्या दिवशी एकमेकांशी नीट बोलत नव्हते.

म्हणून माझ्या मागण्या. त्या अवघड नाहीत.

नायकाला हवे ते नियम मोडू द्या, पण मोडल्यावर त्या केसचं कोर्टात काय झालं, ते दाखवा. एक प्रसंग पुरे. सीगलने एकाच प्रसंगात काम भागवलं. चकमक दाखवाल तर त्यानंतरचा गुन्हा, दुसऱ्या ठाण्याचं पथक आणि पिस्तुलाला लागणारं लेबल हेही दाखवा. कबुली मारून घेतलेली दाखवाल तर ती न्यायाधीशाने बाजूला सारलेलीही दाखवा. १ जुलै २०२४पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं कायद्यानेच बंधनकारक झालंय; तुमच्यासारख्या कॅमेऱ्याच्या माणसांना यात पटकथा दिसत नसेल तर कमाल आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या इन्स्पेक्टरचं नाव वापरायचं असेल तर त्याचा शेवटही घ्या, नाहीतर जाहिरातीतून ते नाव काढा. लिहिणाऱ्या हवालदाराला निदान एका चित्रपटात शहाणा असू द्या.

आणि शेवटची मागणी सल्लागाराची. दर पोलिसपटाच्या श्रेयनामावलीत पोलीस सल्लागार म्हणून कोणीतरी असतो, आणि तो बहुधा पिस्तूल कसं धरायचं तेच शिकवताना दिसतो. पुढच्या वेळी त्याच्या जोडीला एक सरकारी वकील आणि एक मुद्देमाल कारकून बोलवा. मी यायला तयार आहे. सील कसं उठवायचं ते तुमच्या नटाला दोन दिवसांत शिकवीन. फुकट मात्र येणार नाही, पेन्शनीत भागत नाही.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार